चौदाव्या भागाची वही

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तिथली माणसं उद्या दुकानात येऊन बसतील, चहा पितील आणि वर म्हणतील, ‘यशोधरा, झालं गेलं गंगेला मिळालं.’ ओतूरपासून एसटीनं वीस मिनिटांवर आहे, एवढं पुरे. अकरा वर्षांची होईपर्यंत मी त्या गावात राहिले. मग त्या गावानं माझ्या बापाला चोर ठरवलं आणि आम्ही ओतूरला आलो. त्याचा सूड मी बारा वर्षांनी घेतला. सूड हाच शब्द मला हवा आहे. न्याय म्हटलं की लोक माना डोलावतात आणि दोन मिनिटांत जांभया देतात.

२००५ साली ओतूरच्या एसटी स्टँडमागं माझी सीडी लायब्ररी होती. सिनेमे सगळेच ठेवायचे, पण माझं नाव झालं होतं ते मालिकांमुळं. जगातल्या मालिका. पुण्याचा एक माणूस मला त्या आणून द्यायचा, खाली इंग्रजी अक्षरं पळणाऱ्या, आणि मी इंग्रजी घेऊन बी.ए. केलेली. गिऱ्हाइकाला मी ‘काय पाहिजे’ असं कधी विचारलं नाही. ‘घरात काय चाललंय’ असं विचारायचे. बांधावरून भावाभावांची केस चालू असेल तर तुर्कस्तानची एक होती, तीन भाऊ आणि एक अंजिराची बाग, सत्तावीस भाग. ती नेणारे दोन भाऊ शेवटच्या भागाला एकाच घरात बसले होते म्हणे. नव्यानं सासू झालेलीला ब्राझीलची द्यायचे. त्यात सासू आणि सून मिळून सासऱ्याला घराबाहेर काढतात. ती सीडी एकदाही वेळेवर परत आली नाही. जपानची एक मालिका सबंध एका न्हाव्याच्या दुकानात घडते, अकरा भागांत कॅमेरा उंबरा ओलांडत नाही. ती मी आमच्या चांगदेव न्हाव्याला दिली. त्यानं तीनदा बघितली आणि म्हणाला, “ताई, मान्सं लई खरी हायती, पर त्या बाबाला वस्तरा धरता येत न्हाई.”

खालचं इंग्रजी कोण वाचणार? म्हणून प्रत्येक भागाबरोबर मी एक चाळीस पानी वही द्यायचे, माझ्या हातानं मराठीत लिहिलेली. तिकडची नावं कुणाच्या जिभेला वळत नाहीत, म्हणून मी माणसांना खुणेची नावं द्यायचे. टोपीवाला, लाल शालवाली, तिरळा मास्तर. ‘टोपीवाला म्हणतो’ असं लिहून पुढं त्याचं बोलणं. घरातल्या एकानं वही मोठ्यानं वाचायची, बाकीच्यांनी पडद्याकडं बघायचं. जिथं थांबायचं तिथं मी फुली मारलेली असायची. ओतूरपासून राजुरीपर्यंत कितीतरी घरांत असं वाचन चालायचं, आणि लोकांचा वहीवर डोळे झाकून विश्वास. पडद्यावर माणूस हसत असला आणि वहीत ‘रडतो’ असं असलं, तर म्हणायचे, तिकडं रडायची तीच रीत असंल.

हा नाद मला बाबांकडून लागला. माझे बाबा, हौशीराम, आमच्या गावच्या पंचायतीत शिपाई होते. पंचायतीचा रंगीत टीव्ही चावडीत लाकडी कपाटात कुलूप लावून ठेवलेला असायचा. रोज संध्याकाळी सहाला बाबा कपाट उघडायचे आणि अँटेना फिरवायचे. दिवसभर पाणीपट्टीच्या नोटिसा वाटत फिरताना दारोदार सांगायचे, “आज साडेसातला काय बी झालं तरी या.” नोटिशीचा राग माणसं तिथल्या तिथं विसरायची.

१९९३ च्या दिवाळीनंतर एका सकाळी कपाट रिकामं निघालं. कुलूप जसंच्या तसं होतं. सरपंच होते नानासाहेब, गावातले जुने मोठे बागायतदार. त्यांनी चावडीपुढं सभा बोलावली. मी बाबांच्या मागं उभी होते, त्यामुळं मला शब्द न् शब्द आठवतो.

“म्या हौशीरामला चोर म्हणत न्हाई,” नाना म्हणाले. “म्या फकस्त इचारतो. कुलूप तुटलंय का?”

“न्हाई,” लोक म्हणाले.

“किल्ली कुणाकडं असती?”

“हौशीरामकडं.”

“मंग?”

एवढंच. किल्ल्या दोन होत्या आणि दुसरी सरपंचांकडं असायची, हे तिथल्या निम्म्या माणसांना ठाऊक होतं. कुणी तोंड उघडलं नाही. बाबांनीही नाही. ते नानांकडं बघत राहिले. आता नाना स्वतःच दुसऱ्या किल्लीचं काढतील, असं त्यांना वाटत होतं. नाना धोतर झटकून निघून गेले. पोलिसात दिलं नाही, हे वर उपकार. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी अकराव्या वर्षी बघितलं.

शाळेत माझं नाव पडलं ‘टीव्हीचोराची पोर’. आम्ही बौद्ध. जातीवरून जे बोलायचं तेही लोक बोलून घ्यायचे. एवढा मोठा टीव्ही आमच्या दोन खोल्यांत लपवणार कुठं, हे मात्र एकानंही विचारलं नाही. बाबांची नोकरी गेली. त्यांनी ओतूरला कांद्याच्या वखारीत काम धरलं आणि घरात टीव्ही येऊ दिला नाही. मी दुकान काढल्यावर ते मागच्या बाजूला पडद्याकडं पाठ करून बसायचे आणि सीडी पुसायचे, मऊ फडक्यानं, मधून बाहेर सरळ रेघेत. जुना विषय निघाला की म्हणायचे, “जाऊ दे पोरी. वैर धरून पोट भरत न्हाई.”

मी जाऊ दिलं नाही, कारण टीव्ही कुठं गेला ते मला माहीत होतं. माझ्या मावशीचा मुलगा रुपेश लोणीला टीव्ही दुरुस्त करतो. १९९७ साली त्याच्याकडं एक सेट आला. मागच्या झाकणावरची पिवळी अक्षरं खरवडलेली होती, तरी ‘ग्रा. पं.’ आणि पुढं आमच्या गावाचं नाव वाचता येत होतं. सेट आणणारी माणसं म्हणजे नानासाहेबांच्या लेकीच्या सासरची. तिचं लग्न त्याच ९३ साली, तुळशीचं लग्न झाल्या झाल्या लागलं होतं. रुपेशनं त्या घरच्यांना अक्षरं दाखवली. त्यांनी सेट दुरुस्त करून नेला आणि पुढं भंगारात घातला. पुरावा गेला. मी सांगितलं असतं तर चोराची पोर काय बोलते म्हणून हसले असते.

तर २००५ च्या मार्चअखेर, बाजारच्या दिवशी, एक बाई दुकानात आली. माहेर घोडेगावचं, सहा वर्षांपूर्वी आमच्या त्या गावात दिलेली. नाव कल्याणी. नानासाहेबांची सून.

“ताई, आमचं नाना न्हाणीत घसरून पडलं. खुबा मोडला,” ती म्हणाली. “आता सहा म्हयनं आथरुणात. हिंदी मालिका बघून कावल्यात. म्हंत्यात, ह्या बाया दागिनं घालून झोपत्यात, ह्यांचं काय बघायचं? कुणी तरी सांगितलं, तुमच्याकडं जगातलं भारी भारी मिळतं.”

माझ्या हातातलं रजिस्टर मी हळूच बाजूला ठेवलं. तोंडातून मात्र सवयीचं तेच निघालं. “घरात काय चाललंय?”

“काय चालायचंय! चारला लाइट जाती. आमच्याकडं इन्व्हर्टर, म्हणून सगळी आळी आमच्या हॉलात येऊन बसती. वाचायला मी हायेच. बारावी झालीया माझी.”

आळी. इन्व्हर्टर. वाचणारी घरची सून. देव मी मानत नाही, पण त्या दिवशी मानावासा वाटला. मागं बाबा सीडी पुसत होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार, पण त्यांचा हात थांबला नाही.

“आहे एक,” मी म्हटलं. “पोर्तुगालची. चौदा भाग. आठवड्याला दोन न्या. नानांना आवडेल.”

ती मालिका खरंच फार सुंदर आहे, कुणालाही सांगेन की बघा. समुद्रातलं एक बेट. तिथला बोटींचा म्हातारा मालक, डोक्यावर कायम टोपी. दुसरा म्हातारा दीपगृह सांभाळणारा, माझ्या वहीत दिवेवाला. दोघांचा तीस वर्षं अबोला. चर्चच्या मनोऱ्यातली मोठी घंटा वादळात समुद्रात पडते आणि तिला शोधायच्या निमित्तानं हे दोघं पुन्हा बोलायला लागतात. अशा चांगल्या गोष्टीची मी दुपारी दुकान बंद असताना बसून वाट लावली. मला त्याचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण सोयच तशी होती. घंटा पडताना पडद्यावर कुठंच दिसत नाही, सगळं नुसतं बोलण्यात आहे. आणि बोलणं माझ्या हातात होतं.

पहिले तीन भाग जसेच्या तसे दिले. माणूस एकदा मालिकेत शिरला की मग निघता येत नाही, हे माझ्या धंद्यातलं पहिलं शहाणपण. चौथ्या वहीत घंटा समुद्रात पडली नाही, चोरीला गेली. मनोऱ्याला कुलूप होतं. किल्ल्या दोन होत्या, एक दिवेवाल्याकडं, एक टोपीवाल्याकडं. पाचव्या भागात चौकात माणसं जमून माशांच्या भावावरून भांडतात. माझ्या वहीत टोपीवाला पायरीवर उभा राहून म्हणतो, ‘मी दिवेवाल्याला चोर म्हणत नाही. मी फक्त विचारतो. कुलूप तुटलंय का?’

पुढच्या बाजारी कल्याणी हसत आली. “ताई, लई रंगलंय! पर पाचव्या भागाला नाना मधीच म्हणाले, पाणी आणा. आणलं तर प्यालेच न्हाईत. भांडं हातातच.”

“आणि बाकीचे?”

“बाकीचे गप. आमचे चिमाजीबाबा तर टीव्ही सोडून नानांकडंच बघत व्हते.”

खाई त्याला खवखवे. त्या आठवड्यात मला जेवण गोड लागलं. सहाव्या भागाला हॉलात जागा पुरली नाही, आठव्याला अंगणात सतरंज्या टाकल्या. ज्यांना १९९३ सालची सभा आठवत होती ते ती न आठवणाऱ्यांच्या कानात सांगत होते. मी दिवेवाल्याला नोकरीवरून काढलं, त्याच्या पोरीला शाळेत चिडवायला लावलं, टोपीवाल्याच्या लेकीचं लग्न लावलं आणि घंटा होडीतून तिच्या सासरी पोचवली. पडद्यावर त्या वेळी खरं तर मेंढ्या नेत होते. वहीत मी लिहिलं, ‘घंटा मेंढ्यांच्या खाली लपवली आहे.’ सगळ्यांना पटलं.

नानांना ते बंद करता येईना. बंद करायचं तर चाळीस माणसांना कारण सांगावं लागलं असतं. बरं वाटत नाही म्हणावं, तर बरं नव्हतं म्हणूनच मालिका आणली होती. आणि त्यांना पुढं काय होतं ते बघायचंही होतं. चटक लागली की ती पाटील-सरपंच बघत नाही.

नवव्या-दहाव्या वहीच्या वेळी कल्याणी हसली नाही. “नानांनी इचारलंय, वही लिवणारी कुणाची कोण?”

“हौशीरामची पोर म्हणावं.”

तिनं मागं बसलेल्या बाबांकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिला आळीत काहीबाही कळलं असणार, कारण तिनं पुढं काही विचारलं नाही. नुसतं म्हणाली, “माज्या तोंडून वदवताय व्हय हे सगळं?”

“हो,” मी म्हटलं.

तिची मला लाज वाटली. तिनं माझं काही वाकडं केलं नव्हतं, आणि मी तिला तिच्याच सासऱ्याच्या उशाशी बसवून त्याची चोरी वाचायला लावत होते. तरी मी वह्या परत मागितल्या नाहीत. तिनंही परत दिल्या नाहीत. पिशवीत घातल्या आणि म्हणाली, “वाचती. आता मलाबी कळाया पायजे, म्या कुणाच्या घरात नांदती.”

तेराव्या-चौदाव्याच्या बाजारी ती आली ती डोक्यावर पेटी घेऊन. नानांच्या बागेतला हापूस, पहिल्या उताराचा. “नाना म्हंत्यात, शेवट ग्वाड कर म्हणावं.”

“शेवट त्यांच्या हातात आहे म्हणावं. आणि हे घेऊन जा.”

ती गेल्यावर बाबा मागून म्हणाले, “आंबं तरी ठिवायचं.”

मी चिडून त्यांच्याकडं बघितलं. ते पुसत होते. या माणसासाठी मी एवढं करते आहे आणि याला आंबे सुचतात, असं मनात आलं. तेरावी वही मी कल्याणीबरोबर दिली होती. चौदावी दिली नाही. ती मी स्वतः घेऊन जाणार होते.

बारा वर्षांनी त्या गावात उतरले. नानांचं स्लॅबचं घर स्टँडजवळच. लहानपणी बाबा त्या घरी निरोप घेऊन जायचे तेव्हा अंगणाच्या पायरीखाली उभे राहायचे आणि मी त्यांच्या बोटाला धरून. त्या दिवशी मी पायरी चढले, चप्पल काढली आणि सरळ हॉलात गेले. कुणी अडवलं नाही. कल्याणीनं खुर्ची दिली. नाना खाटेवर उशांना टेकून होते. गाल आत गेलेले, डोक्यावर टोपी. ही टोपी लिहिताना मला किती उपयोगी पडली होती! पायथ्याशी त्यांची बायको सरूबाई मांडीत सूप घेऊन शेंगा फोडत होती. कल्याणी मला सांगायची, तेरा भाग झाले, सासूबाई एक शब्द बोललेल्या नाहीत.

नानांनी मला ओळखलं. “बस,” म्हणाले.

चारला लाइट गेली, इन्व्हर्टर लागला, भाग सुरू झाला. कल्याणी वाचत होती. तिचा आवाज खणखणीत होता, शाळेत कविता म्हणणाऱ्या मुलीसारखा. अर्धा भाग झाल्यावर पडद्यावर सगळं बेट चर्चच्या पायऱ्यांवर जमलं. दिवेवाला खाली, टोपीवाला वर.

“दिवेवाला म्हणतो,” कल्याणीनं वाचलं, “मालक, मी आजवर काही विचारलं नाही. आज विचारतो. दुसरी किल्ली कुणाकडं होती?”

पडद्यावर टोपीवाला बोलायला लागला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ओठ हलत होते, लांबलचक पोर्तुगीज चाललं होतं. कल्याणीनं पान उलटलं. मग आणखी एक उलटलं.

“ताई, फुडं कोरंय.”

“तो काय म्हणतो ते मला कळलं नाही,” मी म्हटलं. “नानांना कळलं असेल. ते सांगतील.”

अंगणातल्या माणसांनी खिडकीत डोकी घातली. नाना पडद्याकडं बघत राहिले. मग त्यांनी उशांवरून पाठ जरा उचलली. मला वाटलं, आता बोलतात. बारा वर्षांपूर्वी बाबांनाही असंच वाटलं असेल.

“रिमोट कुठाय?” नाना म्हणाले. “बंद करा ते.”

रिमोट सरूबाईच्या मांडीशी पडला होता. तिनं तो उचलला आणि सुपाखाली सारला. पडद्यावर टोपीवाला बोलतच होता. सरूबाईनं त्याच्याकडं बघत, अगदी कल्याणीसारखं एकेक वाक्य सुटं करून म्हटलं, “त्यो म्हंतोय, दुसरी किल्ली माज्याकडं व्हती. त्यो म्हंतोय, टीव्ही म्या नेला. जावयानं अडून धरलं व्हतं, रंगीत टीव्ही द्या न्हाय तर वरात उठणार न्हाई. त्यो म्हंतोय, म्या रातच्याला चावडीतनं काढला, बायकूनं गोधडीत गुंडाळला, आन् टेम्पूत भांड्यांच्या खाली घालून लोणीला धाडला.”

“सरू!” नाना ओरडले.

ती थांबली नाही, पण आता पडद्याकडं बघत नव्हती. “तिथं त्या टीव्हीवरची अक्षरं निघाली. तवापासनं आठ वरीस माजी लेक सासूच्या तोंडून चोराची लेक म्हणून ऐकती. म्हायेरी येती तवा जेवत न्हाई. तुमाला ठावं हाय का, ती का जेवत न्हाई? तुमी इचारलं का कवा?” मग तिनं माझ्याकडं मान वळवली. “पोरी, गोधडी माजीच व्हती.”

मी किती वर्षं या क्षणाची चित्रं रंगवली होती! प्रत्येक चित्रात नाना हात जोडत होते. प्रत्यक्षात त्यांनी तोंड भिंतीकडं केलं आणि खांदे गोळा केले. मला तेवढंही पुरलं. अंगभर गार वाटलं. लोणीला दिलेल्या त्या लेकीचं मात्र मला ठाऊक नव्हतं, आणि ती अक्षरं दाखवणारा माझाच मावसभाऊ होता. तिच्याबद्दल मला आजही वाईट वाटतं. नानांबद्दल वाटत नाही.

चिमाजीबाबा काठी टेकत पुढं आले. “आमालाबी ठावं व्हतं गं, किल्ल्या दोन व्हत्या म्हून.”

“मग तेव्हा बोलायचं होतं,” मी म्हटलं आणि चप्पल घातली.

एसटी ओतूरला पोचायच्या आत बातमी पोचली होती. बाबांना मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते.

“सरूबाई बोलली?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“बरं,” म्हणाले आणि पुढची सीडी घेतली.

महिन्याभरात गावात खास ग्रामसभा झाली. हौशीराम यांच्यावर आळ खोटा होता असा ठराव झाला, ठरावाची नक्कल नवे सरपंच स्वतः घेऊन आले. बाबांनी ती वाचून खिशात ठेवली आणि त्यांना चहा पाजला. एक शब्द वावगा बोलले नाहीत. मला त्यांचा राग आला. बारा वर्षं ज्यानं मान खाली घालून काढली त्यानं एकदा तरी ओरडावं की नाही? पण बाबांचा स्वभावच मऊ, असं म्हणून मी सोडून दिलं.

इकडं त्या मालिकेला मागणी वाढली होती. ज्यानं त्यानं तीच मागावी. मी मग तिच्या खऱ्या वह्या लिहिल्या, एक शब्द न बदलता, चौदाच्या चौदा, कारण बिचाऱ्या पोर्तुगालच्या लोकांनी माझं काय घोडं मारलं होतं? खऱ्या शेवटच्या भागात दोन्ही म्हातारे एका होडीत बसून समुद्रात जातात, बराच वेळ बोलतात, टोपीवाला पहिल्यांदाच टोपी काढतो आणि मालिका संपते. ते काय बोलतात ते वहीत आहे. वाचून मी स्वतः रडले होते.

जूनच्या अखेरीस कल्याणी आली. पिशवी रिकामी होती.

“नानांच्या छातीत पाणी झालंय,” ती म्हणाली. “डाक्टर म्हंत्यात आठ-पंधरा दिस. सासूबाई त्यांच्याशी बोलत न्हाईत. त्यांनी ती शेवटची सीडी म्हायन्यात धा येळा लावून घेतली, बिगर वहीची. नुसतं बघत्यात. मला म्हणाले, जाऊन इचार, त्या होडीत ते दोघं काय बोलले. ताई, दुसरं काय मागत न्हाईत. जेवणसुदिक मागत न्हाईत.”

माझा राग संपला होता असं नाही. पण मरणाऱ्या माणसाला मालिकेचा शेवट सांगायचा नाही, हे माझ्या धंद्याला पटेना. कपाटातून मी चौदावी वही काढली, खरी. धूळ झटकून कल्याणीपुढं धरली. तिनं हात पुढं केला.

मागं स्टूल सरकल्याचा आवाज आला. बाबा गिऱ्हाइकापुढं कधी यायचे नाहीत. ते आले, माझ्या हातातून वही अलगद काढून घेतली आणि काखेत धरली.

“कल्याणीबाय,” ते म्हणाले, “नानांना सांगा, शेवट हौशीरामनं वाचलाय. चार येळा वाचलाय. म्या एवढा चांगला शेवट जन्मात ऐकला न्हाई.”

“मंग द्या ना, बाबा.”

“न्हाई.”

“ते मरायला टेकल्यात.”

“म्हून तर,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. “बसा. च्या घ्या.”

तेवीस वर्षं त्यांच्या घरात काढून मला तो माणूस त्या दिवशी कळला. बाबांनी वही स्टुलावर ठेवली, तिच्यावर बसले आणि फडकं हातात घेतलं. त्यानंतर नानासाहेब अकरा दिवस होते. कल्याणी आणखी दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा बाबांनी तिला चहा पाजला.